पुराणकथांवरून घडवलेला प्राणी ठिगळे जोडल्यासारखा दिसतो, काय करावे?

शाईची_दौत

नमस्कार. मी पुण्यात राहते आणि मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रे काढते. गेले वर्षभर मी बारा ते पंधरा वर्षांच्या वाचकांसाठी एक सचित्र कादंबरिका लिहीत आहे. तिच्यातले शहर काल्पनिक आहे, परंतु त्याची कल्पना मला कात्रजच्या नळावरून सुचली. अठराव्या शतकाच्या मध्यावर, नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत, कात्रजच्या तलावाचे पाणी जमिनीखालच्या नळातून शहरात आणले गेले आणि पेठांतले हौद त्या पाण्याने भरू लागले, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. माझी आजी सदाशिव पेठेत वाढली. हौदावर गेल्यावर आत वाकून पाहायचे नाही, अशी तिला घरून तंबी असे. आत काय आहे, हे मात्र तिला कधी कोणी सांगितले नाही. त्या न सांगितलेल्या गोष्टीतून माझा प्राणी जन्माला आला. तो नळात राहतो आणि शहराच्या पाण्याची राखण करतो.

अडचण त्याच्या रूपाची आहे. मी ग्रीक, चिनी, इराणी आणि आपल्याकडच्या कथांतले प्राणी पुष्कळ पाहिले, आणि त्यांवरून सिंहाचे धड, गरुडाचे पंख, मकराचे तोंड आणि नागाची शेपटी असलेला एक प्राणी काढला. त्याचे नाव जलसिंह ठेवले. ज्या संपादकांना मी हे चित्र दाखवले त्यांनी रेखाटनाचे कौतुक केले आणि मग एवढेच म्हटले, की हा प्राणी कुठकुठून आला हे कळते, पण तो इथे का आहे हे कळत नाही. तेव्हापासून मी सात-आठ नवी रेखाटने केली, परंतु प्रत्येक वेळी एक अवयव काढून दुसरा लावण्यापलीकडे मी गेले नाही. जगभरच्या पुराणकथांचा आधार घ्यावा, आणि तरीही प्राणी आपला, पूर्वी कोणी न पाहिलेला असावा, हे कसे साधायचे? ज्यांनी असे काम केले आहे किंवा या विषयाचा अभ्यास केला आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उंबरठा

आपल्या संपादकांनी योग्य ठिकाणी बोट ठेवले आहे, पण त्यावरून अवयव जोडणे हीच चूक आहे असा निष्कर्ष काढू नका. लिओनार्दो दा विंचीने आपल्या टिपणांत चित्रकारांना हाच मार्ग सांगितला आहे: कल्पित प्राणी खरा वाटावा असे वाटत असेल, तर त्याचा प्रत्येक अवयव कोणत्या ना कोणत्या खऱ्या प्राण्यासारखा असला पाहिजे, कुत्र्याचे डोके घ्या, मांजराचे डोळे घ्या, कासवाची मान घ्या. आपल्याकडे अशा कल्पित प्राण्यांसाठी ईहामृग हा जुना शब्द आहे, आणि देवळांच्या भिंतींवरच्या व्यालांचे तर ‘अपराजितपृच्छा’ या शिल्पग्रंथात सोळा प्रकार दिले आहेत. कोणाचे मस्तक हत्तीचे, कोणाचे घोड्याचे, कोणाचे माणसाचे, कोणाचे पोपटाचेही. तेव्हा जोडकाम हे काही हलके काम नव्हे. ते कशासाठी केले आहे, यावर सगळे अवलंबून असते.

नवगुंजराचे उदाहरण घ्या. सरलादासांनी पंधराव्या शतकात ओडिया भाषेत जे महाभारत रचले त्यात हा प्राणी अर्जुनासमोर येतो. कोंबड्याचे डोके, मोराची मान, बैलाचे वशिंड, सिंहाची कंबर, नागाची शेपटी, तीन पाय हत्ती, वाघ आणि हरिण यांचे, आणि चौथ्या पायाच्या जागी कमळ धरलेला माणसाचा हात. आपल्या जलसिंहापेक्षा येथे जोड कितीतरी अधिक आहेत, तरी त्याला कोणी ठिगळांचा म्हणत नाही. अर्जुन आधी धनुष्य उचलतो, मग त्याला तो हात दिसतो, आणि असा प्राणी सृष्टीत असणे शक्य नाही, म्हणजे हे श्रीकृष्णाचेच रूप आहे, हे ओळखून तो शस्त्र खाली ठेवतो. पाहणाऱ्याला एका प्राण्याच्या नावात ते रूप बसवता येऊ नये, हाच तिथे जोडण्याचा हेतू आहे. त्या नऊ अंगांतला हात काढून टाकला, तर कथाच उरत नाही. आपल्या चित्रातले गरुडाचे पंख काढून टाकले तर कथेतले काय जाते, हा प्रश्न आपण स्वतःला विचारून पाहावा. मला वाटते, काहीच जात नाही.

याच्या उलट टोकाला कीर्तिमुख आहे. जालंधराचा दूत म्हणून आलेल्या राहूला खाण्यासाठी शिवाने एक भुकेला गण उत्पन्न केला. राहू शरण आला. मग मी काय खाऊ, असे त्या गणाने विचारले. स्वतःलाच खा, अशी आज्ञा झाली, आणि त्याने पायांपासून सुरुवात करून केवळ चेहरा उरेपर्यंत स्वतःला खाल्ले. शिवाने प्रसन्न होऊन त्याला आपल्या दारी कायमचे स्थान दिले. आपल्याकडच्या जुन्या देवळांत गाभाऱ्याच्या उंबरठ्यावर ते कोरलेले असते आणि आपण त्याला ओलांडून आत जातो. त्याला धड का नाही, ते दारातच का असते, त्याचे डोळे असे वटारलेले का, या साऱ्यांची उत्तरे त्या एका घटनेत आहेत. रूप घटनेतून निघाले म्हणून ते विसरता येत नाही.

तिसरी गोष्ट नियमाची. जपानी लोककथांतला काप्पा नदीत राहतो आणि काठावर आलेल्यांना पाण्यात ओढतो. त्याच्या डोक्यावर एक खळगा असतो, त्यात पाणी असते आणि त्याचे सारे बळ त्या पाण्यात असते. तो शिष्टाचाराचा पक्का असल्यामुळे आपण वाकून नमस्कार केला की तोही वाकतो, पाणी सांडते आणि तो दुबळा होतो. मुलांनी खोल पाण्याजवळ जाऊ नये ही काळजी आणि मोठ्यांपुढे वाकावे ही शिकवण, अशी त्या समाजाची दोन अंगे एकाच खळग्यात एकत्र आली आहेत. आपली हाकामारीही अशीच आहे. रात्री नावाने हाक आली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, एवढाच तिचा नियम, आणि तिचे रूप कसे असते याची कोणाला फारशी चौकशीही करावीशी वाटत नाही. चकव्याला तर रूपच नाही. माणूस रात्रभर त्याच त्या बांधावरून फिरत राहतो, एवढ्यावरच चकवा उभा आहे.

म्हणून माझी विनंती अशी, की काही दिवस पेन्सिल बाजूला ठेवावी. आपला प्राणी पाणी राखतो असे आपण लिहिले आहे. कोणापासून राखतो? त्या शहराला पाण्याबाबत कसली भीती वाटते: आटण्याची, नासण्याची, की कोणी चोरण्याची? आणि त्याच्याशी वागण्याचा असा कोणता नियम आहे, जो त्या शहरातले दहा वर्षांचे मूलही सांगू शकेल?

ऐकीव_गेंडा

वरच्या प्रतिसादाशी मी सहमत आहे. माझा मुद्दा वेगळा आणि लहान आहे. पुराणकथांतले कितीतरी प्राणी कोणी बसून रचलेले नाहीत; ते एका तोंडून दुसऱ्या तोंडी जाताना घडले.

इसवी सनापूर्वी ४०० च्या सुमारास इराणच्या दरबारात क्टेसियस नावाचा ग्रीक वैद्य होता. त्याने भारताविषयी ऐकलेल्या गोष्टी लिहून ठेवल्या, आणि त्यांत मार्तिखोरा नावाचा एक प्राणी आहे: सिंहाएवढा, लालभडक, माणसाच्या तोंडाचा, दातांच्या तीन रांगा असलेला आणि शेपटीतून विंचवासारखे काटे फेकणारा. युरोपभर पुढे तो मँटिकोर म्हणून प्रसिद्ध झाला. दुसऱ्या शतकात पाउसानियास या ग्रीक प्रवासी लेखकाने म्हटले, की हा वाघच असावा आणि भीतीपोटी लोकांनी त्याला असे रंगवले असावे. ते नाव जुन्या इराणी भाषेतले असून त्याचा अर्थ माणूसखाऊ असा आहे. मराठी वाचकाला हे सांगावेही लागू नये, कारण मर्द आणि खोर हे दोन्ही शब्द आपण फारसीकडून घेऊन रोज वापरतो. आपल्याच रानातला वाघ इराणमार्गे ग्रीसला गेला आणि तिकडे राक्षस होऊन बसला, याचे मला कायम नवल वाटते.

दुसरे उदाहरण गेंड्याचे आहे. गुजरातचा सुलतान दुसरा मुजफ्फरशाह याने पोर्तुगीजांना भेट दिलेला गेंडा १५१५ मध्ये लिस्बनला पोहोचला. न्यूरेंबर्गचा जर्मन चित्रकार आल्ब्रेश्त ड्यूरर याने तो कधी पाहिला नाही. एका पत्रातले वर्णन आणि कोणाचे तरी रेखाटन एवढ्यावर त्याने आपले प्रसिद्ध काष्ठठसा-चित्र केले. त्यात गेंड्याच्या अंगावर चिलखताचे पत्रे आहेत आणि खांद्यावर एक जादा शिंग आहे. (सोमवार पेठेतल्या त्रिशुंड गणपतीच्या दर्शनी भिंतीवर साखळदंडांनी बांधलेला गेंडा कोरला आहे, जवळच आहे, तर तोही जाऊन पाहावा.)

याचा उपयोग आपण असा करू शकता. आपला प्राणी चित्राने न दाखवता घरातल्या एखाद्या मुलाला फक्त शब्दांत सांगा. त्या मुलाने दुसऱ्याला सांगावे, आणि दुसऱ्याने चित्र काढावे. जे गळून जाईल ते अनावश्यक होते. जे भलतेच वाढेल, त्यात बहुधा आपल्याला हवे असलेले काहीतरी सापडेल. मी हा प्रयोग दोनदा केला आहे आणि दोन्ही वेळा प्राण्याचे डोळे आधी गळाले, आवाज मात्र राहिला.

शाईची_दौत

आपणा दोघांचे मनापासून आभार. पंख आज खोडले. प्रयोग भाचीवर करून पाहिला. तिने मैत्रिणीला एवढेच सांगितले, की तो लांब आहे, तो पाण्यात असतो आणि त्याचा श्वास ऐकू येतो. सिंह तिच्या लक्षातही राहिला नव्हता.

श्वासाचे तिने सांगितले तेव्हा मला एकदम आठवले, की अशा जुन्या नळांवर हवा निघून जाण्यासाठी ठिकठिकाणी जे मनोरे बांधलेले असतात त्यांना उच्छ्वास म्हणतात. म्हणजे शहरात जागोजागी त्याच्या श्वासाची दारे आधीच उभी आहेत! आता प्रश्न शरीराचा आहे. काळोखात, अरुंद नळात राहणारा मोठा प्राणी विश्वसनीय वाटावा यासाठी त्याची रचना कशी असावी?

सांगाडा

मी प्राणिशास्त्र शिकवतो, त्यामुळे माझे उत्तर थोडे कोरडे वाटले तर क्षमस्व.

पंख खोडलेत हे बरे केलेत. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांना हातपाय मिळून चारच अवयव असतात आणि पंख हा त्यांतल्या पुढच्या दोहोंचाच बदल असतो. वटवाघळाचा पंख म्हणजे त्याचा हात आणि लांबलेली बोटे. चार पाय ठेवून वर पंख लावले, की सहा अवयव होतात. सांचीच्या तोरणांवर पंखांचे सिंह आहेत आणि ते सुंदर आहेत, कारण ते दगडात स्थिर बसले आहेत. कादंबरीतल्या प्राण्याला मात्र वळायचे असते, सरपटायचे असते, दमायचे असते, आणि तिथे वाचकाच्या नकळत त्याचे स्नायू या हिशेबाची मागणी करतात.

आकाराचाही विचार करावा. गॅलिलिओने १६३८ मध्ये दाखवून दिले, की प्राणी सर्व बाजूंनी तिप्पट वाढवला तर त्याचे वजन सत्तावीसपट होते, परंतु हाडाच्या छेदाचे क्षेत्रफळ नऊपटच वाढते. म्हणून मोठ्या प्राण्याची हाडे प्रमाणाबाहेर जाड करावी लागतात. हत्तीचे पाय खांबासारखे का असतात, याचे उत्तर यात आहे. आपला प्राणी पाण्यात राहत असल्यामुळे त्याचे बरेचसे वजन पाणी पेलेल आणि तो लांब व मऊ असू शकेल. पाणी सोडून तो बाहेर आला तर मात्र स्वतःच्याच भाराने चेपला जाईल. ही उणीव लपवू नका. काप्पाच्या डोक्यावरच्या पाण्याइतकी ती कथेला उपयोगी आहे.

आता काळोखाविषयी. स्लोव्हेनियातल्या चुनखडीच्या गुहांत ओल्म नावाचा उभयचर राहतो. फिकट गुलाबी कातडी, त्वचेखाली झाकले गेलेले डोळे, काडीसारखे चार पाय, आणि गळ्याशी बाहेर आलेले लाल कल्ले. तो वीतभर किंवा थोडा अधिक लांब असतो, कित्येक दशके जगतो आणि कित्येक वर्षे अन्नावाचून राहू शकतो. मुसळधार पावसानंतर हे प्राणी गुहेतून बाहेर वाहून येत, तेव्हा तिथले लोक ती ड्रॅगनची पिल्ले समजत. वाल्वासोर या विद्वानाने १६८९ मध्ये ही समजूत नोंदवून ठेवली आहे. एवढ्याशा पिल्लावरून लोकांनी डोंगराच्या पोटातली आई कल्पिली. आपल्याला जे करायचे आहे ते तिथे घडून गेले आहे.

पण त्यासाठी स्लोव्हेनियापर्यंत जाण्याची गरज नाही. सह्याद्रीच्या ओल्या मातीत देवगांडूळ आहे. नावात गांडूळ असले तरी तो बेडकाचा नातेवाईक आहे: पाय नाहीत, अंगभर वळी, डोळे अगदी नाममात्र, आणि डोळा व नाकपुडी यांच्या मध्ये एक इवलीशी स्पर्शिका, जिने तो मातीतला वास आणि हालचाल टिपतो. बहुतेक लोक त्याला साप समजून मारतात, याचे मला फार वाईट वाटते. आपण त्याचे रूप जसेच्या तसे उचलावे असे मी म्हणत नाही, परंतु त्या वळ्यांचा आणि त्या स्पर्शिकेचा अभ्यास करावा. डोळ्यांवाचून जगणाऱ्या प्राण्याचा चेहरा कसा काढायचा, हे तिथून शिकता येईल.

मावळवाट

येथे अजून कोणी श्रद्धेचा प्रश्न काढला नाही, म्हणून लिहितो.

ज्या कथांना आपण पुराणकथा म्हणतो त्यांतल्या काही आजही कोणाच्या तरी घरात पूजेत आहेत. वारली आणि इतर आदिवासी समाजांत वाघोबा देव आहे. त्याच्या लाकडी किंवा दगडी मूर्तीवर वाघासोबत सूर्य-चंद्र कोरलेले असतात, वाघबारशीला त्याची पूजा होते, आणि जंगलात वावरताना आपले व गुराढोरांचे रक्षण त्याने करावे अशी अपेक्षा असते. आपल्याच जिल्ह्यात, जुन्नरकडच्या उसात बिबट्यांच्या शेजारी राहणाऱ्या लोकांना हे नाते काय असते ते सांगावे लागत नाही. अशा देवाचे नाव घेऊन त्याला कथेतला दुष्ट श्वापद करून टाकणे मला अनुचित वाटते. उत्तर अमेरिकेतल्या अल्गाँक्वियन लोकांच्या विंडिगोचे असेच झाले. तो हिवाळ्यातल्या उपासमारीचा आणि न शमणाऱ्या हावेचा आत्मा. आज मात्र चित्रांतून तो हरणाची कवटी आणि शिंगे घेऊन वावरतो. ही शिंगे मूळ परंपरेत नाहीत, आणि त्यांच्या गर्दीत हावेची गोष्ट दिसेनाशी झाली आहे. नाव आणि रूप दुसऱ्याचे उचलण्यापेक्षा नाते उचलावे. वाघोबाकडून घेण्यासारखे आहे ते सीमेचे भान: तू तुझ्या हद्दीत, मी माझ्या, आणि मधल्या जागेत दोघांनी पाळायचा करार.

दुसरे, नावाविषयी. जलसिंह हे नाव कोशातून काढल्यासारखे आहे. लोकांच्या तोंडी असलेली नावे झिजलेली असतात. यक्षिणीची जखीण झाली, अरबी खबीसचा खवीस झाला. आपण उच्छ्वासाचा उल्लेख केलात आणि मला वाटले, की नाव आपल्या हातातच आहे, कारण उच्छ्वास झिजून मराठीत त्याचा उसासा झालेलाच आहे. त्या शहरातल्या बायका हौदावर त्या प्राण्याला उसाशा म्हणत असतील.

शाईची_दौत

उसाशा! हे नाव वाचल्यावर बराच वेळ मला दुसरे काही सुचले नाही. मावळवाट, आपली परवानगी असेल तर हेच नाव ठेवते.

चार दिवस काम करून जे हाती आले ते लिहिते. उसाशा नळाच्या रुंदीचा आहे आणि किती लांब आहे हे कोणालाच ठाऊक नाही. अंगावर वळी आहेत. रंग तांदळाच्या धुवणासारखा. डोळे नाहीत. तोंडाच्या दोन्ही बाजूंना एकेक स्पर्शिका आहे आणि तिच्यावर पाण्यातला प्रत्येक हादरा त्याला कळतो, त्यामुळे हौदात कोणाची घागर बुडाली हे तो आवाजावरून ओळखतो. शहराचा नियम असा, की घागर भरल्यावर पहिली ओंजळ परत हौदात सोडायची. त्या ओंजळीने तो माणसे मोजतो. उंबरठा यांनी विचारले होते, की तो पाणी कोणापासून राखतो. माझे उत्तर आता असे आहे, की तो चोरापासून राखत नाही, माणसे आहेत की नाहीत एवढेच तो पाहतो. ओंजळी पडत राहिल्या तर तो श्वास घेतो, सोडतो, आणि त्या श्वासाने पाणी पुढे सरकते. कथेच्या सुरुवातीला शहरात घरोघरी नवे पाणी आले आहे, हौदावर कोणी जात नाही, आणि उच्छ्वासांतून येणारा आवाज थांबला आहे. त्याने श्वास रोखून धरला आहे.

चित्रे सगळी नव्याने काढावी लागतील. तो पूर्ण असा कुठल्याच पानावर दिसणार नाही. कुठे एक वळे, कुठे स्पर्शिकेचे टोक, कुठे उच्छ्वासाच्या तोंडाशी थरथरणारे गवत. आजीला जे कोणी सांगितले नाही ते मीही दाखवू नये, असे वाटते.

उंबरठा

हा प्राणी तिथे का आहे, हे आता कळते, आणि त्यात काप्पा, ओल्म, देवगांडूळ, वाघोबा यांच्यापैकी एकाचाही अवयव उसना दिसत नाही.

ओंजळीच्या नियमावर मात्र अजून विचार व्हावा. भरपूर पाणी असताना ती ओंजळ सोडणे सोपे आहे. काप्पापुढे वाकताना माणसाला आपली मान खाली घालावी लागते, अर्जुनाला शस्त्र ठेवावे लागते. नियम पाळणाऱ्याचे काहीतरी जावे लागते, तेव्हा प्राण्याला वजन येते. कथेत दुष्काळाचे एक वर्ष आणून पाहा. तलावाचा तळ दिसतो आहे, हौदात घागरभरच पाणी उरले आहे, घरात आजारी माणूस आहे, आणि आपली नायिका ती घागर भरून उभी आहे. पहिली ओंजळ ती परत सोडेल का?